स्कँडिनेव्हियन ऐक्य व राजवारसा (पर्यायी इतिहास)

डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे ही राज्ये एकोणिसाव्या शतकात एका मुकुटाखाली येण्याचे काही प्रसंग निर्माण झाले, पण ते फळाला आले नाहीत. ते आले असते तर काय घडले असते, याची तर्काधिष्ठित मांडणी. काल्मार संघ (१३९७–१५२३) हा तिचा पूर्वदाखला. अशा मांडणीत १८१० व १८६३ ही दोन वर्षे विशेष महत्त्वाची ठरतात.

१८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड गमावला, चौथा गुस्ताव आडोल्फ पदच्युत झाला आणि निपुत्रिक तेरावा कार्ल गादीवर आला. वारस म्हणून आउगुस्टेनबोर्ग घराण्यातील राजपुत्र निवडला गेला. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होता; हा राजपुत्र तेथील डॅनिश सैन्याचा सेनापती असून तेथे लोकप्रिय होता. त्याच्यामागून नॉर्वेही येईल, अशी १८०९ च्या उठावाचा एक नेता आडलेर्स्पार्रे याच्या गटाची अपेक्षा होती. २८ मे १८१० रोजी क्विडिंगे येथील माळावर कवायत पाहताना तो घोड्यावरून कोसळून मरण पावला. पक्षाघात हे अधिकृत कारण सर्वाधिक ग्राह्य दिसते. विषप्रयोगाची अफवा पसरली, पण तिचा पुरावा पुढे आला नाही. अफवेची किंमत मात्र जमावाचा संशय ज्याच्यावर होता त्या आक्सेल फोन फेर्सेन या दरबारी सरदाराने मोजली : २० जून रोजी स्टॉकहोममध्ये अंत्ययात्रेच्या अग्रभागी असताना जमावाने त्याला ठार केले आणि शेजारी उभे असलेले सैन्य पाहत राहिले.

यानंतर ओरेब्रो येथील संसदेपुढे डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक स्वतः वारसपदाचा उमेदवार होता. तो निवडला गेला असता तर तिन्ही मुकुट त्याच पिढीत एकत्र आले असते, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तो १६६५ च्या राजकायद्यानुसार निरंकुश राजा होता, तर स्वीडनने नुकतेच १८०९ चे संविधान स्वीकारले होते. ही विसंगती सोडवल्यावाचून ऐक्य टिकणे कठीण होते. २१ ऑगस्ट १८१० रोजी फ्रेंच मार्शल बेर्नादोत निवडला गेला. १८१४ च्या कील तहाने नॉर्वे डेन्मार्कपासून सुटला, १७ मे रोजी त्याने स्वतःचे संविधान केले आणि अल्पशा युद्धानंतर ४ नोव्हेंबर रोजी तो स्वीडनशी समान राजाच्या बंधनाने जोडला गेला.

खरी अडचण वारसाकायद्यांची होती. डॅनिश राजकायद्यात पुरुषशाखा संपल्यावर स्त्रीशाखेला हक्क होता. डेन्मार्कच्या राजाच्याच ताब्यातील होल्स्टाइन या जर्मन डचीत केवळ पुरुषशाखेचा दावा चालत असे. १८१० च्या स्वीडिश वारसाकायद्याने आणि नॉर्वेच्या संविधानाने मुलींना वगळले होते. त्यामुळे मुकुट एकत्र आले तरी एखाद्या पिढीत मुलगा नसला की ते पुन्हा वेगळे होत. केवळ एखादा मृत्यू टाळून रचलेला पर्यायी इतिहास म्हणूनच अपुरा ठरतो. बदल कायद्यात करावा लागतो.

१८४० च्या दशकात विद्यार्थी मेळाव्यांतून स्कँडिनेव्हियावाद, म्हणजे या तिन्ही राज्यांच्या ऐक्याची चळवळ, वाढला. डेन्मार्कचा सातवा फ्रेडरिक निपुत्रिक असल्याने १८५२ च्या लंडन कराराने ग्लुक्सबोर्गच्या क्रिस्तियानला वारस ठरवले. जुलै १८६३ मध्ये स्कोड्सबोर्ग येथे स्वीडन-नॉर्वेचा राजा पंधरावा कार्ल याने फ्रेडरिकला सुमारे २०,००० सैन्य देण्याचे आश्वासन दिले. दे गेर व ग्रिपेनस्टेट या त्याच्या स्वीडिश मंत्र्यांनी ते मान्य केले नाही. राजाचा शब्द व मंत्रिमंडळाचा खजिना या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्यातून उघड झाले. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रियाविरुद्ध डेन्मार्क एकटा लढला आणि श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग गमावून बसला.

सर्वांत पटण्याजोगा पर्याय पंधराव्या कार्लच्या कन्येचा. लोविसाचा एकुलता भाऊ १८५४ मध्ये बालपणीच वारला आणि १८६९ मध्ये तिचा विवाह डेन्मार्कच्या युवराजाशी झाला. मुलींना हक्क असता तर १८७२ मध्ये काका दुसरा ऑस्कर याच्याऐवजी ती राणी झाली असती आणि तिचा थोरला मुलगा दहावा क्रिस्तियान तिन्ही राज्यांचा वारस ठरला असता. नॉर्वेने असे ऐक्य कितपत सोसले असते, हा प्रश्न उरतोच. स्वतंत्र वाणिज्यदूतांच्या वादातून त्याने ७ जून १९०५ रोजी स्वीडनशी असलेला संघ मोडला. त्यानंतर नॉर्वेच्या गादीवर सातवा हाकोन म्हणून बसला तो लोविसाचाच दुसरा मुलगा.