सीटी अँजिओच्या आधी गोळी कशाला?

सीटी अँजिओग्राफीला (सीटी स्कॅनने हृदयाच्या धमन्यांचा फोटो काढायला) गेलेल्या माणसाला आधी बाकावर बसवतात, नाडी बघतात आणि ठोके जास्त असतील तर गोळी देतात. फोटोच काढायचा, मग गोळी कशाला?

हृदयाच्या मुख्य धमन्या साधारण २ ते ४ मिलिमीटर रुंद. यंत्राला अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचं दिसतं, म्हणजे ३ मिलिमीटरच्या नळीच्या रुंदीत जेमतेम सहा ठिपके बसणार. वर ती नळी हृदयाबरोबर सतत उडत असते.

मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला एक सेकंद मिळतो. हृदय आवळतं, सैल होतं आणि पुन्हा आवळण्याआधी क्षणभर जवळपास स्वस्थ असतं. ईसीजीच्या आधाराने नेमका तो क्षण पकडायचा. ठोके ९० झाले की वेळ एक-तृतीयांशाने घटतो. गंमत म्हणजे आवळण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती विश्रांतीला. इकडे यंत्रातली एक्स-रे नळी अंगाभोवती फिरते आणि एका चित्रासाठी तिला साधारण अर्धा फेरा लागतो. ०.२८ सेकंदात फेरा मारणाऱ्यालाही १४० मिलिसेकंद हवेत. दोन एक्स-रे नळ्यांच्या यंत्राचं पाव फेऱ्यात भागतं, पण ते महाग. म्हणून मेटोप्रोलोलसारखी गोळी देऊन ठोके ६०-६५च्या खाली आणायचे. (दमा असेल तर आधीच सांगा; ही गोळी त्यात त्रास देऊ शकते.) चहा-कॉफीही त्यासाठीच बंद. एवढं करूनही ठोके चढेच राहिले तर बहुधा उजवी धमनी आधी धूसर होते, कारण सगळ्यात जास्त हलते तीच.

मग "श्वास घ्या, धरून ठेवा". काही सेकंदांचंच काम, पण नेमका तेव्हाच डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं औषध) शिरेतून जातो आणि अंगभर गरम लाट येते. कपड्यातच लघवी झाली की काय, असं वाटतं! माणूस दचकतो, श्वास सुटतो आणि धमनी चित्रात पायरीसारखी तुटलेली दिसते. चांगला तंत्रज्ञ हे आधी सांगून ठेवतो, श्वासाची तालीमही करून घेतो.

देह स्थूल असेल तर चित्रात दाणे येतात. किरणांची मात्रा वाढवून ते बरंचसं सावरता येतं.

कॅल्शियमवर मात्र गोळी नाही. धमनीच्या भिंतीतला त्याचा खडा चित्रात असतो त्यापेक्षा फुगून दिसतो, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखा. मग थोडासा अडथळाही मोठा भासतो. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या) आतलं बघतानाही हीच पंचाईत. अशा वेळी डॉक्टर थेट कॅथेटरची, म्हणजे धमनीत बारीक नळी घालून केलेली, अँजिओग्राफी सुचवतात.