काकींचे तळे हिरवे का होते?

तळ्याकाठी दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्या काकी आहेत. गोव्यातल्या डिचोलीकडच्या. त्यांचा प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो: "दिवाळीला आरशासारखं असलेलं पाणी शिगम्यापर्यंत काफ्रेयाल चिकनच्या वाटणासारखं हिरवं कसं होतं रे?" त्यांचा संशय प्लास्टिकवर. पंचायतीने सफाई केली, पोरांनी गोण्या भरभरून बाटल्या काढल्या, पेपरात फोटोही आला. पाणी मात्र हिरवेच राहिले.

प्लास्टिक वाईटच. पण शेवाळ प्लास्टिक खात नाही. ते खाते फॉस्फरस, आणि फॉस्फरसचा फोटो निघत नाही.

हे पक्के कळले ते कॅनडात. ओंटारिओ प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराचा आकार इंग्रजी आठसारखा. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बारीक कमरेत पडदा ताणून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. काही आठवड्यांत तो भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचे पाणी होते तसेच राहिले. विमानातून काढलेले ते छायाचित्र जगभर फिरले, आणि कपड्यांच्या साबणातल्या फॉस्फेटवर, म्हणजे फॉस्फरसच्याच एका रूपावर, बंधने आणण्याच्या मागणीला जोर आला.

शेवाळाच्या पेशीत फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. म्हणजे फॉस्फरस चिमूटभर पुरतो. एका ग्रॅमवर सुमारे शंभर ग्रॅम सुके शेवाळ उभे राहू शकते. माणूस मलमूत्रातून रोज साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. तीन दिवस राहायला आलेल्या जोडप्याचा हिशेब नऊ ग्रॅम होतो. तो सगळा तळ्यात उतरला तर जवळजवळ किलोभर सुके शेवाळ! ओले किती होईल याचा अंदाज काकींनी लगेच केला आणि नाक मुरडले.

सुदैवाने तो सगळा उतरत नाही, आणि याचे श्रेय आपल्या तांबड्या मातीला. तिचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, आणि हे लोखंड फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते. सेप्टिक टँकमधून सोक पिटात, म्हणजे शोषखड्ड्यात, आणि तिथून मातीत झिरपताना बराच फॉस्फरस वाटेतच अडकतो. पण मातीची धरून ठेवण्याची ताकदही संपते. खड्डा पाण्यापासून चार पावलांवर असेल, किंवा पावसाळ्यात भूजल थेट खड्ड्यापर्यंत चढत असेल, तर माती बिचारी काय करणार?

मग हिरवेपणा शिगम्यालाच का? गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा तळे भरून वाहते आणि आत आलेले बरेच काही सोबत घेऊन जाते. डिसेंबरपासून ओढे बारीक होतात, पाणी जागच्या जागी उभे राहते, ऊन वाढत जाते. नेमका तेव्हाच पाहुण्यांचा हंगाम जोरात असतो. खोल्या भरतात, चादरी रोज धुतल्या जातात आणि तळ्याचे सांडपाणी झेलायचे बळ सर्वांत कमी असते.

पुढची गोष्ट तळाशी घडते. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वास घेते. मेलेले शेवाळ खाली कुजते त्यालाही प्राणवायूच लागतो. म्हणून पाववाल्या पोदेराचा पोंगा ऐकू येतो त्या पहाटेच्या वेळी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसतात ते यामुळे. तळाच्या चिखलातला प्राणवायू संपला की लोखंडाचे रूप बदलते आणि त्याने धरलेला फॉस्फेट सुटतो. वर्षानुवर्षे चिखलात साठलेली ठेव तळे अशी पाण्याला परत देते. त्यामुळे आज सगळी गळती थांबवली तरी पाणी लगेच निवळेल असे नाही. हे काकींना सांगणे मला जड गेले.

आपल्या जुन्या तळ्यांची रीत मला यासाठीच आठवते. कुडतरीसारख्या गावांत मानस, म्हणजे तळ्याचे पाणी अडवणारे दार, उघडून पाणी सोडत आणि तळ्याच्याच जमिनीत भात घेत. पीक कापून नेले की दाण्यात आणि पेंढ्यात शोषलेला फॉस्फरसही तळ्याबाहेर जातो. ते लोक रसायनशास्त्र शिकलेले नव्हते, त्यांना भात हवा होता. नुसत्या पाहुण्यांसाठी बारा महिने भरून ठेवलेल्या तळ्याला ही सोय नाही.

पाण्याचा निवळपणा मोजायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. १८६५ मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री खगोलज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून ती कुठल्या खोलीला दिसेनाशी होते ते पाहिले. आजही तीच पद्धत आहे. बादलीचे पांढरे झाकण, खाली बांधलेला दगड, गाठी मारलेली दोरी, आणि दुपारचे ऊन. दर रविवारी एकाच जागी मोजून आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहिला तर तळ्याची बातमी गावाला फोटोआधी कळेल.

काकींनी झाकण दिले, दोरीही दिली. आणि वॉशिंग मशीनचा पाइप, जो इतकी वर्षे मागच्या गटारातून तळ्याकडे जात होता, तो माडाच्या आळ्यात वळवला. "माडाला बोंडे जास्त लागली तर नारळ तुला नाही हां," म्हणाल्या.