उभ्या ट्रॉलीच्या टायरला भेगा का पडतात?

गळीत हंगाम संपला की चिकोडी, अथणी, निपाणीकडच्या उसाच्या ट्रॉल्या पुढच्या हंगामापर्यंत खळ्याच्या कडेला उभ्या राहतात. पुन्हा बाहेर काढताना टायरच्या बाजूवर भेगा दिसतात. ‘चाललाच नाही, तर खराब कसा झाला?’ हा प्रश्न ठरलेला, आणि ‘उन्हानं रबर वाळलं’ हे उत्तरही. पण टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि ही काजळी ऊन बऱ्यापैकी अडवते. या भेगा पाडतो तो मुख्यतः ओझोन. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे दोन-पाच भाग असले तरी पुरतात.

नैसर्गिक रबर, टायरमधलं कृत्रिम रबर एसबीआर आणि तेलाला टिकणारं कृत्रिम रबर नायट्राइल या तिन्हींच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका तिथेच बसतो आणि साखळी तोडतो. रबर सैल असेल तर पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर खर्ची पडतो आणि काम तिथेच थांबतं. ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लांब सरकतात, आतले नवे बंध उघडे पडतात, ओझोन पुन्हा आत शिरतो. म्हणून भेग नेहमी ताणाच्या काटकोनात जाते. हवा कमी असलेल्या, वर ओझं असलेल्या टायरची बाजू फुगते, आणि भेगा तिथेच सापडतात. गंमत अशी की ताण जास्त असेल तर भेगा असंख्य पण उथळ. ताण जेमतेम असेल तर मोजक्याच, पण खोल. धोका या मोजक्या भेगांचा.

यावर उतारा रबर मळतानाच घालतात. टायरसारख्या मालात शंभर किलो रबराला साधारण दोन किलो 6पीपीडी (ओझोन अडवणारं रसायन), एक-दोन किलो मेण आणि किलोभर टीएमक्यू (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन). गंधक आणि त्याचं काम वेगानं घडवणारं अ‍ॅक्सिलरेटर सगळ्यात शेवटी. 6पीपीडी हे अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेलं रसायन, असल्यामुळे व्हल्कनायझेशनची (गंधकानं साखळ्या एकमेकींना बांधण्याची) घाई थोडी वाढवतं. तापमान सांभाळलं नाही तर माल साच्यात जायच्या आधीच ‘जळतो’, म्हणजे घट्ट होऊन बसतो.

मेणाचं काम सोपं. गरम रबरात ते विरघळतं, थंड होताना मावत नाही, मग पृष्ठभागावर येऊन पापुद्रा धरतं. टायर उभा असेपर्यंत हा पापुद्रा उत्तम. चालू लागला की तो तडकतो, आणि सगळा ओझोन त्या तड्यांवर तुटून पडतो. नुसत्या मेणावर भरवसा ठेवलेल्या, सतत वाकणाऱ्या मालाला म्हणूनच खोल भेगा जातात.

6पीपीडीची तऱ्हा वेगळी. रबराच्या दुहेरी बंधापेक्षा ते ओझोनशी कितीतरी जास्त वेगानं भिडतं, आणि रबराआधी स्वतः खर्ची पडतं. पृष्ठभागावरचं संपलं की आतलं हळूहळू वर सरकतं. टायरच्या बाजूवर येणारी तपकिरी झाक बहुतेक वेळा याचीच. मळ समजून ती घासून काढायची नसते. शिवाय टायर फिरताना वारंवार वाकून साखळ्या तुटतात, तुटल्या टोकांवर मुक्त मूलकं (कशालाही चटकन भिडणारे अर्धवट तुकडे) तयार होतात आणि ऑक्सिजनच्या मदतीनं शेजारच्या साखळ्या धरतात. 6पीपीडी आपल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन देऊन त्यांना गप्प करतं. त्यातून तयार होणारं नायट्रॉक्सिल मूलकही पुढची मूलकं पकडतं, म्हणून थकव्याच्या भेगांवरही ते चालतं. टीएमक्यूची मदत उष्णतेनं होणाऱ्या ऑक्सिडीकरणाला. ओझोनपुढे ते जवळपास निकामी.

बिघडतं ते प्रमाणात. मेण जास्त झालं तर टायरचे कच्चे थर एकमेकांना चिकटत नाहीत. पांढऱ्या चपलेत 6पीपीडी घातलं तर ती डागाळते. तिथे फिनॉल वर्गातली रसायनं वापरतात, पण ती ओझोन अडवत नाहीत. त्यापेक्षा ईपीडीएम हे कृत्रिम रबर मिसळलेलं बरं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत.

डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्यानं टायर चमकवणं म्हणजे ही सगळी तरतूद पुसून काढणं. खंडेनवमीला चाकाखाली लिंबू चिरडलं तर रबराचं बिघडत नाही, सुधरतही नाही. तीच गत ‘नायट्रोजन भरा, भेगा पडणार नाहीत’ या जाहिरातीची: नायट्रोजन आत, ओझोन बाहेर. त्यापेक्षा ट्रॉली रिकामी करून जॅकवर उचलावी, खाली ठोकळे द्यावेत आणि टायर सावलीत येईल असं झाकावं.

6पीपीडीची दुसरी बाजूही आहे. ओझोनशी भिडल्यावर त्यापासून 6पीपीडी-क्विनोन बनतं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो सॅमन मासे मरत. टायरच्या झिजलेल्या कणांतून येणारं हेच रसायन त्यामागे असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. पर्यायांचा शोध सुरू आहे, पण तितक्याच वेगानं ओझोनला भिडणारं, बेताबेतानं वर सरकणारं आणि व्हल्कनायझेशन न बिघडवणारं दुसरं रसायन सापडणं अवघड आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्यांना यातलं एक लगेच उपयोगी पडेल. नायट्राइलच्या ओ-रिंगा (तेलाची गळती अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) खिळ्याला टांगू नयेत. खिळ्यावर जिथे वाकते तिथे रिंग ताणलेली असते, आणि शेजारी वेल्डिंग किंवा ठिणग्या टाकणारी मोटर असेल तर ओझोन हाताशीच. भेग बाहेरच्या कडेला, खिळ्याच्या नेमकी वर पडते. रिंग बोटांनी ताणून उजेडात धरल्याशिवाय ती दिसत नाही; सिलिंडरमध्ये बसवल्यावर मात्र तेल तिथूनच गळतं. बंद पिशवीत, सैल आणि आडव्या ठेवाव्यात.