कटिबस्ती व ग्रीवाबस्ती

कंबर किंवा मान दुखत असता त्या जागी उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट औषधी तेल काही काळ साठवून ठेवण्याचा आयुर्वेदीय उपचार. कंबरेवर केल्यास कटिबस्ती, मानेवर केल्यास ग्रीवाबस्ती. स्नेहन (तेल मुरवणे) आणि स्वेदन (शेक देणे) ही दोन्ही कार्ये यात एकदम साधतात. पंचकर्मातील, म्हणजे शरीरशुद्धीच्या पाच उपचारांतील, गुदमार्गे द्यावयाची बस्ती याहून वेगळी.

हा उपचार किती जुना याविषयी एकमत नाही. चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत तो या नावाने आढळत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २८) गृध्रसीसाठी, म्हणजे कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेसाठी, सिरावेध (शीर टोचून रक्त काढणे), बस्ती व अग्निकर्म (डाग देणे) सांगितले आहे. परंतु तेथे गुदमार्गाची बस्तीच अभिप्रेत आहे, त्या वचनातून कटिबस्तीचे प्राचीनत्व सिद्ध होत नाही. अधिक ग्राह्य वाटते ते शिरोबस्तीशी, म्हणजे डोक्यावर तेल साठवण्याच्या विधीशी, असलेले नाते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या (बहुधा इ. स. सहावे-सातवे शतक) सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, डोक्यावर तेल वापरण्याचे अभ्यंग (चोळणे), सेक (धार धरणे), पिचू (तेलात भिजवलेला कापूस ठेवणे) व बस्ती असे चार प्रकार येतात आणि ते उत्तरोत्तर अधिक गुणकारी मानले आहेत. शिरोबस्तीसाठी बारा अंगुळे रुंद चामड्याची पट्टी डोक्याभोवती बांधावी, फट उडदाच्या कल्काने (वाटणाने) लिंपावी आणि केसांच्या मुळांवर एक अंगुळ चढेल इतके तेल ओतावे, असा विधी आहे. वातविकारात ते दहा हजार मात्रा (मात्रा म्हणजे पापणी लवण्याइतका वेळ) ठेवावे. क्रम फार तर सात दिवसांचा. उडीद, तेलाचा ठरावीक थर आणि सात दिवसांची मर्यादा या तिन्ही गोष्टी कटिबस्तीत जवळपास तशाच दिसतात. चामड्याची पट्टी मात्र गळाली आणि तिचे काम पिठाच्या पाळीनेच केले. अष्टांगहृदयाची परंपरा केरळात विशेष जोपासली गेली, त्यामुळे हा विस्तार तेथील वैद्यांनी केला असावा असे एक मत आहे. ते संभवनीय आहे, पण विस्तार नेमका कधी झाला हे त्यावरून ठरत नाही.

रुग्णाला पालथे झोपवून घट्ट मळलेल्या पिठाची सुमारे दोन इंच उंच पाळ दुखऱ्या जागेभोवती बसवतात, आतबाहेरून ओल्या बोटाने सांधून घेतात. तेल गरम पाण्यात ठेवून तापवतात, थेट आचेवर नाही. थंड झालेले तेल कापसाने पिळून काढून पुन्हा गरम घालत राहणे हेच यातील कसब; तेल एकसारखे सोसवेल इतपत उष्ण राहिले नाही तर उपचाराचा अर्थच उरत नाही. साधारण अर्धा ते पाऊण तास हे चालते. महानारायण, सहचर, निर्गुंडी, क्षीरबला ही नेहमीची तेले. मानेच्या बाकामुळे पाळ गळते, म्हणून तेथे पुष्कळदा तेलात भिजवलेला पिचूच ठेवतात.

उपयुक्ततेचा विचार करताना दुखण्याचा स्वाभाविक क्रम लक्षात घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या कंबरदुखीवर पॅरासिटॅमॉल घेणाऱ्यांपैकी निम्मे बरे होण्यास १७ दिवस लागले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी निम्मे बरे होण्यास १६. आठवडा-दोन आठवड्यांच्या कटिबस्तीनंतर उसण ओसरली, तर तिचे किती श्रेय तेलाला द्यायचे हे तुलनेसाठी दुसरा गट असल्याखेरीज सांगता येत नाही, आणि कटिबस्तीवरील बहुतेक अभ्यास छोटे आहेत. उष्णतेने मात्र थोडा, तात्पुरता आराम पडतो. अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी औषधांआधी शेक, मालीश यांसारखे उपाय सुचवले. औषधच हवे असल्यास आयबुप्रोफेनसारख्या दाहशामक गोळ्या पुढे येतात. जठरव्रण, मूत्रपिंडविकार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी त्या परस्पर घेणे धोक्याचे. तेल मुरून मणक्यांमधली झिजलेली गादी भरून येते, या सर्रास केल्या जाणाऱ्या दाव्याला आधार नाही. जुनाट दुखण्यात नियमित व्यायामाची जागा कटिबस्तीने भरून निघत नाही.

ताप, त्वचेवर जखम किंवा पुरळ, ताजी इजा आणि गर्भावस्था यांत हा उपचार टाळतात. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना भाजल्याचे कळत नाही, म्हणून तेल आधी दुसऱ्याने हातावर घेऊन पाहावे. पायातली ताकद एकाएकी जाणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवी अडणे वा तिच्यावरचा ताबा सुटणे ही मज्जातंतूंवर मोठा दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी आळे बांधत न बसता त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.