ॲडमिन कोणाच्या नावावर? सांगलीतील संगणक-सेवा व्यवसायाची पार्श्वभूमी

सांगलीत संगणक देखभालीची छोटी दुकाने बरीच आहेत: मालक, दोन-तीन पोरं, एक ॲक्टिव्हा आणि काउंटरमागे उघडून ठेवलेल्या संगणकांच्या पेट्या. या दुकानांत आणि त्यांच्या गिऱ्हाइकांत पूर्वी भांडण व्हायचे ते बिलावरून. आता ते होते डोमेनचा (वेबसाइट-ईमेलसाठी घेतलेल्या नावाचा) आणि ईमेलचा ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले खाते, कोणाच्या नावावर आहे यावरून. हा वाद वरवर तांत्रिक दिसतो, पण त्यात या धंद्याची वीस वर्षे गुंतलेली आहेत.

सुरुवातीची वर्षे थोडक्यात सांगता येतात. एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले, आणि त्या वर्गांतली यंत्रे जोडून देणारी मुलेच पुढे या धंद्यात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल यायचे, सकाळी ते स्टँडजवळ उतरवून घ्यायचे, दुपारपर्यंत असेंबल्ड मशीन उभे. भारनियमनाने यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर बसायच्या, आणि कित्येक दुकानांचे भाडे त्या बॅटऱ्यांवरच निघायचे. मार्केट यार्डातल्या अडत्याकडे हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, पतसंस्थेत फॉक्सप्रो या जुन्या प्रणालीत लिहिलेले ठेव-कर्जाचे सॉफ्टवेअर, मिरजेच्या दवाखान्यात बिलिंग, आणि सगळीकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वर्षाचा करार म्हणजे एएमसी. त्यात विंडोज मारून देणे, व्हायरस काढणे, रिबन बदलणे आणि आठवण झाली तर बॅकअप.

होस्टेड सेवेचा, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटवरून वापरायच्या सेवेचा, पहिला शिरकाव फुकटच्या ईमेलमुळे झाला. गूगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर ईमेल चालवण्याची सोय मोफत दिली. कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला व्हिजिटिंग कार्डावर जीमेलऐवजी कंपनीच्या नावाचा पत्ता हवा असायचा. दुकानदार डोमेन घ्यायचा, एका पानाची वेबसाइट टाकायचा, चार ईमेल सुरू करून द्यायचा. नोंदणी करताना 'तुमचा सध्याचा ईमेल' असा रकाना यायचा. गिऱ्हाइकाकडे ईमेलच नसायचा, म्हणून दुकानदार स्वतःचा टाकायचा. यात कोणाचा काही डाव नव्हता. पण पुढच्या सगळ्या कटकटीचे मूळ त्या एका रकान्यात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ही मोफत सोय बंद झाली. जुनी खाती चालू राहिली, आणि २०२२ मध्ये व्यवसायासाठी वापरणाऱ्यांना पैसे भरायला सांगण्यात आले, तेव्हा अनेक कारखानदारांना पहिल्यांदा कळले की आपल्या ईमेलचा ॲडमिन आपण नाही.

स्वस्त मोबाइल इंटरनेट २०१६ च्या सप्टेंबरनंतर आले, जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला आणि हिशेबाला महिन्याची तारीख आली. आता टॅली दुकानात, घरी आणि सीएच्या ऑफिसात अशी तिन्हीकडे हवी होती. पेनड्राइव्हवर डेटा नेऊन आणून कोणती प्रत शेवटची, याचा घोळ होऊ लागला. तिथून 'टॅली ऑन क्लाउड' हा शब्द यार्डात रुळला.

या शब्दाने जेवढा गोंधळ घातला तेवढा दुसऱ्या कशानेही नाही. 'ऑन क्लाउड' म्हणून जे विकले जाई, ते बहुतेक वेळा कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले एक विंडोज सर्व्हर असे. त्यावर नेहमीचीच टॅली टाकलेली, आणि गिऱ्हाईक रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तो लांबचा संगणक आपल्या स्क्रीनवर उघडून, तिथे जाऊन बसे. म्हणजे पेटी तीच, फक्त लांब ठेवलेली. तिला अपडेट लागतात, अँटिव्हायरस लागतो, बॅकअपही वेगळा घ्यावा लागतो. 'क्लाउडवर आहे, आता बॅकअपची काळजी नको' हे वाक्य मी दुकानदारांच्या तोंडूनही ऐकले आहे, आणि ते चूक होते. परवान्याचीही अडचण होती. विंडोज सर्व्हरवर देखभालीपुरत्या दोनच जोडण्या मिळतात. जास्त माणसे बसवायची तर प्रत्येकासाठी वेगळा परवाना लागतो. तो न घेता सेवा सुरू केली तर १२० दिवस सगळे सुरळीत चालते आणि मग जोडणी नाकारली जाते. स्वस्तात मिळालेली 'क्लाउड टॅली' चार महिन्यांनी अचानक का बंद पडते, याचे उत्तर अनेकदा या आकड्यात असायचे.

तरीही गिऱ्हाइके तिकडे वळली, आणि सांगलीत त्याला एक खास कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावातल्या लोकांनी २००५ च्या पुराची रेघ मनात धरली होती. गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याने सर्व्हर त्या रेघेच्या दीड फूट वर, फळी ठोकून ठेवला होता, आणि तो तसा ठेवायचा सल्ला आमच्याच दुकानाने दिला होता. पाणी ओसरल्यावर मी तिथे गेलो. कॅबिनेटचे झाकण काढले तर आतला गाळ पंख्याच्या पात्यांत घट्ट बसलेला, मदरबोर्डवर चिखलाचा एकसारखा थर, आणि हार्ड डिस्कच्या लेबलावर लिहिलेली आमच्या दुकानाची तारीख तेवढी वाचता येत होती. अशी डिस्क सुकवायची नसते, चालू करून तर अजिबात पाहायची नसते. ओलसर ठेवूनच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्यांकडे पाठवायची असते. त्या आठवड्यात कित्येकांनी डिस्का उन्हात ठेवल्या, ड्रायर मारले आणि उरलासुरला डेटाही घालवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. तोपर्यंत हिशेब भाड्याच्या सर्व्हरवर नेलेल्यांनी फक्त लॅपटॉप उचलला आणि ते विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेले. त्यानंतर या सेवेची जाहिरात करायची गरज उरली नाही.

दोन पुरांच्या मध्ये टाळेबंदी आली. मार्च २०२० मध्ये दुकानातला संगणक घरून दिसला पाहिजे म्हणून पोरांनी घाईने राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून दिला. पासवर्ड दुकानाच्या नावापुढे १२३. असे उघडे पोर्ट शोधत जगभर यंत्रे फिरत असतात, हे बहुतेकांना अनुभवाने कळले. टॅलीचा १०००० नावाचा डेटाचा फोल्डर उघडावा आणि त्यातल्या प्रत्येक फाइलीच्या नावाला अनोळखी शेपूट लागून ती कुलूपबंद झालेली दिसावी, सोबत पैसे मागणारी एक मजकूर-फाइल असावी. काहींनी फोल्डर इंटरनेटवरच्या ड्राइव्हला सिंक केला होता, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल बिघडली की तिथलीही बिघडते. जुन्या आवृत्त्या मुदतीत मागे जाऊन काढता येतात हे ज्यांना ठाऊक होते, ते वाचले.

पतसंस्था आणि विकास सोसायट्यांची वाट वेगळी होती. तिथे अडथळा इंटरनेटचा कमी आणि फाँटचा जास्त. सभासदांची नावे जुन्या मराठी फाँटांत साठवलेली, आणि ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर युनिकोडच, म्हणजे सगळ्या लिप्यांची सामायिक अक्षर-पद्धतच, घेते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचेही असेच उलटसुलट. त्यामुळे पाटील नीट यायचे, पण शिंदे आणि कुलकर्णी मोडायचे. हजारो नावे पोरांनी खातेवहीशी ताडून हाताने दुरुस्त केली. या कामाची नोंद कुठे होणार नाही, म्हणून इथे करतो. पुढे जून २०२२ मध्ये केंद्राने देशातील ६३,००० प्राथमिक पतपुरवठा सोसायट्यांच्या, म्हणजे विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. सर्वांसाठी एकच सामायिक, क्लाउडवरचे सॉफ्टवेअर आले आणि स्थानिक माणसाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा करार त्या सोसायट्यांपुरता संपला. मिरजेच्या रुग्णालयांत मात्र सीटी, एमआरआयच्या प्रतिमा इतक्या मोठ्या असतात की सर्व्हर अजून जिन्याखालच्या खोलीतच आहे, आणि तिथे जुनी एएमसी टिकून आहे.

आता मूळ वादाकडे.

पेटीच्या काळात मालकीचा प्रश्नच नव्हता. दुकानदाराशी बिनसले तर गिऱ्हाईक दुसऱ्या पोराला बोलवायचे. तो पेनड्राइव्ह लावून विंडोजचा पासवर्ड उडवायचा आणि काम पुढे सुरू. होस्टेड सेवेत ज्याच्या ईमेलवर खाते त्याच्या हातात किल्ली. डोमेन दुसरीकडे न्यायचे तर लागणारा कोड नोंदीतल्या ईमेलवर जातो. पैसे दरवर्षी कोणी भरले, पाटी कोणाच्या दारावर आहे, हे त्या यंत्रणेला दिसत नाही. डॉट कॉम डोमेनची मुदत टळली तर रजिस्ट्रारनुसार (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीनुसार) जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत, मग ३० दिवस मोठा दंड भरून सोडवायची संधी, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते जगात कोणीही घेऊ शकते. स्मरणपत्रे मात्र दुकानदाराच्या ईमेलवर.

दुकानदारांची बाजू पोकळ नाही. गिऱ्हाईक पासवर्ड हरवते, दिवाणजींचा मुलगा नोकरी सोडताना फोन बदलून जातो, आणि रविवारी रात्री ईमेल बंद पडला की शिव्या दुकानदारालाच खाव्या लागतात. पैशांचा मुद्दा तर खराच. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपली ईमेल-ऑफिस सेवा विकणाऱ्या पुनर्विक्रेत्यांसाठी जी व्यवस्था आणली, तिच्यात वर्षाचा करार केला की रद्द करायला ७ दिवस मिळतात. आठव्या दिवसापासून वर्षभराची जबाबदारी विकणाऱ्याच्या साखळीवर, गिऱ्हाइकाने पैसे दिले न दिले तरी. महिन्यामहिन्याने घ्यायचे तर दर २० टक्क्यांनी जास्त. तीस खात्यांचे पैसे अंगावर आलेल्या माणसाला ॲडमिन आपल्याकडे असावा असे वाटणे मी समजू शकतो.

पण थकबाकी वसूल करायला गिऱ्हाइकाचा ईमेल अडवून धरणे मला मान्य नाही. गॅरेजवाला मजुरीसाठी गाडी ठेवून घेतो, तसेच हे आहे असे काही जण म्हणतात. गाडी अडली तर माणूस रिक्षाने जातो. ईमेल अडला की बँकेच्या सूचना, कराच्या नोटिसा, ऑर्डरी, सगळेच अडते, आणि समोरच्याला आपल्याकडे काय आले होते हेही कळत नाही. शिवाय गिऱ्हाइकाचे खाते न बळकावता काम करायची सोय आहे. मुख्य ॲडमिन मालकाच्या नावावर ठेवायचा आणि मालकाने मंजूर केलेल्या मर्यादित परवानगीवर दुकानाने देखभाल करायची. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत ती परवानगी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि मुदत आपोआप वाढवायची सोय लावलेली नसेल तर मग पुन्हा मागावी लागते. दर दोन वर्षांनी विचारायला जाणे कमीपणाचे वाटते, असे एका जुन्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे. मला ते एएमसीच्या नूतनीकरणासारखेच वाटते.

माझे मत असे पक्के झाले ते २०२१ मध्ये. कोविडच्या दुसऱ्या लाटेत या धंद्यातली माणसेही गेली. आमच्यापैकी एकजण, कॉलेज कॉर्नरजवळ एकट्याने दुकान चालवणारा, मे महिन्यात गेला. पंधरा दिवसांनी वहिनी त्याची डायरी आणि फोन घेऊन आल्या. डायरीत पासवर्ड होते, अर्धे जुने. चौदा गिऱ्हाइकांची डोमेन त्याच्या जीमेलवर, आणि प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच्या नंबरवर. त्याने कोणाचे कधी काही अडवले नव्हते; सगळ्यांचे नीट सांभाळता यावे म्हणूनच एका जागी ठेवले होते.

वहिनींनी ते सिम बंद होऊ दिले नाही. दर महिन्याला त्या रिचार्ज मारत राहिल्या. एकेका गिऱ्हाइकाला शोधायचे, कागद जमवायचे, मालकाचा स्वतःचा ईमेल तयार करायचा, आम्ही फोन केला की वहिनींनी ओटीपी वाचून दाखवायचा. कधी त्या स्वयंपाकात असायच्या, कधी मुलाच्या शाळेत. काहींनी रजिस्ट्रारही बदलायचे ठरवले, तर नाव बदलल्यावर सहसा ६० दिवस डोमेन हलवता येत नसे, म्हणून तेवढे थांबायचे. दोन गिऱ्हाइकांनी पुरानंतर धंदाच आवरला होता, त्यांची डोमेन त्यांना विचारूनच सोडून दिली. शेवटचे डोमेन मालकाच्या नावावर झाले ते मार्च २०२३ मध्ये. त्या महिन्यात वहिनींनी रिचार्ज केला नाही.