इंग्रजी शिकवणीला येण्याआधी हे एकदा वाचून घ्या

नमस्कार. बडोद्यात दांडिया बाजारात आमची इंग्रजीची छोटी शिकवणी आहे. वाचन, लिखाण आणि उच्चार, एवढंच करतो. चौकशीला येणारे बहुतेक सगळे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून हे पत्रक लिहून काढलंय, घरात सगळ्यांना वाचायला द्या, आजीआजोबांना पण, कारण आमच्याकडे शाळेतली मुलं येतात तशा परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय म्हणून आज्याही येतात, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी करणारे येतात, लग्न होऊन बडोद्यात आलेल्या आणि आता मुलांचा अभ्यास घ्यायचाय अशा आया पण येतात.

तीस दिवसात फाडफाड इंग्रजी असं आम्ही कोणाला सांगत नाही, कारण तसं होत नाही. रोज थोडं मोठ्यानं वाचायचं आणि समोर कान देऊन ऐकणारं माणूस पाहिजे, आमची सगळी पद्धत यावरच उभी आहे. मनातल्या मनात वाचलं की जो शब्द येत नाही त्यावरून डोळा सरकून जातो आणि आपल्याला वाटतं वाचून झालं. मोठ्यानं वाचताना तिथंच अडखळायला होतं, आणि जिथं अडखळलं तिथंच शिकवणाऱ्याचं काम सुरू होतं. त्यामुळे एका वेळी एक किंवा फार तर दोन जण घेतो, वीस मुलांच्या बॅचमध्ये कोणाचं किती ऐकणार.

आता इंग्रजी वाचायला एवढं अवघड का जातं, तर मराठी आपण लिहिलंय तसं वाचतो, इंग्रजीत तसं नाही. अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, त्यामुळे एकच अक्षर चार ठिकाणी चार तऱ्हेनं बोलतं आणि काही अक्षरं तर नुसती बसून असतात. रिसीटमधला पी वाचायचा नाही, नाइफचा के नाही, डेटमधला बी नाही म्हणजे कर्ज या अर्थाचा डेट, आणि वेन्सडेमधला पहिला डी नाही. मुलगा हे शब्द स्पेलिंगप्रमाणे वाचतो तेव्हा त्याच्यावर चिडू नका, त्यानं मराठीच्या हिशोबानं बरोबरच वाचलेलं असतं.

शिवाय आपल्या बडोद्याची गंमत म्हणजे घरात मराठी, गल्लीत आणि बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि शाळेत इंग्रजी. मुलांचा कान त्यामुळे खरंच तयार असतो, ही मोठी जमेची बाजू आहे, फक्त आजूबाजूला जे ऐकू येतं ते पण चिकटतं. हॉलचं होल होतं, स्नॅक्सचं स्नेक्स होतं म्हणजे खाऊच्या जागी साप, ऑफिसचं ओफिस. ऑ आणि ॲ आपण मराठीत रोज बोलतो, बॅट म्हणतो, डॉक्टर म्हणतो, तेव्हा हा आवाज नवीन शिकायचा नाहीये, फक्त लक्ष ठेवायचंय.

खरा त्रास होतो तो डब्ल्यू आणि व्हीचा. आपल्याला दोन्ही एकच व वाटतात. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, डब्ल्यूला दात अजिबात नको, ओठ गोल करायचे जसे ऊ म्हणताना होतात आणि तिथून सोडायचं. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि व्हेस्ट म्हणजे बनियन, आरशासमोर उभं राहून दोन्ही म्हणून बघा, दिसतं लगेच. दुसरा झेडचा आवाज. स म्हणत राहा आणि तसंच गळ्यातून आवाज चालू करा, गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागते, तोच झेड. प्राइस म्हणजे किंमत आणि प्राइझ म्हणजे बक्षीस यात फरक तेवढाच आहे.

ही गळ्यावर बोट ठेवायची युक्ती आणखी एका ठिकाणी फार कामी येते. भूतकाळात क्रियापदाला ईडी लागतो तो मुलं सरसकट एड वाचतात, वॉकेड, हेल्पेड, प्लेएड. खरं तर त्याचे तीन उच्चार आहेत. मूळ शब्दाचा शेवटचा आवाज काढताना गळा थरथरत नसेल तर ट, म्हणजे वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. थरथरत असेल तर ड, म्हणजे प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. आणि शब्द आधीच ट किंवा ड वर संपत असेल तरच इड, वॉन्टिड, नीडिड. हे एकदा डोक्यात बसलं की वाचन इतकं सुधारतं की घरच्यांना पण जाणवतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यातच हे घेतो.

जोर कुठे द्यायचा हे पण शिकावं लागतं. मराठीत जोर कुठेही दिला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही. इंग्रजीत फोटोग्राफ म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर आणि फोटोग्राफर म्हणताना दुसऱ्यावर. रेकॉर्ड ही वस्तू असेल तर पहिल्यावर, रेकॉर्ड करायचं असेल तर दुसऱ्यावर. यासाठी आम्ही टाळी वाजवून वाचायला लावतो, मोठ्या माणसांना पहिल्यांदा लाज वाटते, मग सवय होते.

ब्रिटिश किंवा अमेरिकन ॲक्सेंट मात्र आम्ही शिकवत नाही. आपलं बोलणं आपल्यासारखंच राहू दे, समोरच्याला एका वेळेत कळलं पाहिजे बस. थँक्यूचा थ मराठीसारखा आला तरी कोणाचं अडत नाही, त्यावर आठवडे घालवण्यात अर्थ नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

लिखाणाचं सांगायचं तर पाठ केलेला माय बेस्ट फ्रेंडचा निबंध आम्हाला नको. रोज पाच सहा ओळी, आज डब्यात काय होतं, बस का चुकली, ऑफिसात कोण काय म्हणालं, स्वतःचं लिहायचं. चुका समोर बसून बघतो, पण आम्ही दुरुस्त करून देत नाही, पेन्सिलनं खाली रेघ मारतो आणि ज्यानं लिहिलंय त्यानंच शोधायचं काय चुकलं. एका वेळी एकाच जातीच्या चुका घेतो नाहीतर वही लाल दिसते आणि माणूस खचतो. सगळ्यात जास्त सुटतात ते अ, ॲन आणि द, कारण मराठीत हे प्रकरणच नाही. तिथं पण स्पेलिंग बघायचं नाही, आवाज ऐकायचा, अवर म्हणजे तासाला ॲन लागतो कारण एच बोलत नाही, आणि युनिव्हर्सिटीला नुसता अ कारण सुरुवात य नं होते. आय डेली गो ऑफिस हे वाक्य आमच्याकडे जवळपास प्रत्येकजण एकदा तरी लिहितो, त्यावरून आय गो टू द ऑफिस एव्हरी डे पर्यंत यायला दोन गोष्टी समजाव्या लागतात आणि त्या आम्ही मराठीतूनच समजावतो. मराठी बोललं की दंड वगैरे प्रकार इथं नाही.

उशीर झाला का, हा प्रश्न मराठी किंवा गुजराती मीडियमच्या मुलांचे आईवडील फार काळजीनं विचारतात. आपल्या सयाजीराव महाराजांचं उदाहरण देतो. 1875 साली नाशिककडच्या कवळाणा गावाहून बडोद्याला आले तेव्हा ते 12 वर्षांचे होते आणि लिहिता वाचता येत नव्हतं. त्यानंतर इलियट साहेबांच्या हाताखाली शिकवणी सुरू झाली आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारही भाषा शिकले. पुढे त्याच महाराजांनी 1906 मध्ये राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये सेंट्रल लायब्ररी सुरू केली. तेव्हा सहावी सातवीतल्या मुलाला उशीर झाला असं कृपा करून त्याच्यासमोर म्हणू नका.

घरी काय करायचं तर, पुस्तक सोपं निवडा. एका पानात पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा, मग ते मुलाच्या इयत्तेचं का असेना. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना घेऊन जा आणि निवडू दे त्यांना. उच्चाराची शंका आली तर केंब्रिज डिक्शनरी फोनवर उघडा, स्पीकरचं चिन्ह दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकू येतं. आणि रात्री झोपायच्या आधी एका मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करून आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं, पुढचा तास त्यावरूनच सुरू होतो. आईला इंग्रजी येत नसेल तरी चालतं, तिनं फक्त शेजारी बसून ऐकायचं, मूल कोणीतरी ऐकतंय म्हणून वाचतं.

आयईएलटीएसवाल्यांसाठी थोडं, म्हणजे परदेशात जायला इंग्रजीची ही परीक्षा देतात त्यांच्यासाठी. परीक्षेच्या ट्रिक्स आमच्याकडे नाहीत, त्यासाठी शहरात भरपूर क्लास आहेत. पण स्पीकिंगची मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते आणि त्यात उच्चाराला चौथा हिस्सा मार्क असतात, आणि रायटिंगला एका तासात एक उत्तर किमान 150 आणि दुसरं किमान 250 शब्दांचं लिहायचं असतं, हे ज्यांना जड जातं त्यांनी परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी आमच्याकडे यावं, तारीख घेतल्यावर घाईत काही होत नाही.

तास पाऊण तासाचा, आठवड्यातून तीन दिवस. शाळेच्या मुलांना संध्याकाळी, नोकरीवाल्यांना सकाळी लवकर किंवा रविवारी, आणि दुपारची वेळ घरातल्या बायकांसाठी आणि आजीआजोबांसाठी राखून ठेवलीय. पहिल्या तासाचे पैसे नाहीत. येताना गाइड किंवा नवीन पुस्तक विकत घेऊन येऊ नका, शाळेची इंग्रजीची वही आणा, आणि मोठी माणसं असाल तर इंग्रजीतून आलेलं एखादं पत्र, बिल, ऑफिसचा मेल, जे वाचताना अडकला होतात ते घेऊन या, त्यावरूनच सुरुवात करू.