अमेरिकी राजकारणातील पक्ष आणि दबावगट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निवडणुका लढवून सत्ता मिळवू पाहतात ते राजकीय पक्ष. स्वतः उमेदवार न होता कायदे आणि धोरणे आपल्या बाजूला वळवू पाहतात ते दबावगट किंवा हितसंबंधी गट. १७८७ च्या संविधानात दोहोंचाही उल्लेख नाही. गट नष्ट करायचे तर स्वातंत्र्यच नष्ट करावे लागेल, त्यापेक्षा प्रजासत्ताक इतके विस्तीर्ण असावे की कोणा एका गटाला बहुमत जमवणे अवघड जाईल, असे जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी लिहिले. पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये निरोप घेताना पक्षभेदाविरुद्ध देशाला बजावले. पण तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळात काम केलेल्या हॅमिल्टन आणि जेफर्सन यांच्याभोवती दोन तट पडलेले होते.

आजच्या दोन पक्षांपैकी डेमोक्रॅटिक पक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास आकाराला आला. रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करत उभा राहिला. सर्वाधिक मते घेणाराच जिंकतो, या पद्धतीमुळे तिसऱ्याला वाव राहत नाही. १९९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अपक्ष रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळाली, पण राष्ट्राध्यक्ष ज्यांवर ठरतो त्या राज्याराज्यांच्या ५३८ निर्वाचक मतांपैकी एकही नाही.

पक्ष दोनच असले, तरी ते आपल्याकडच्या पक्षांसारखे बळकट नाहीत. तिथे एबी फॉर्म वाटणारे श्रेष्ठी नसतात. उमेदवार प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात. मराठीभाषक श्री ठाणेदार यांचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये मिशिगनमध्ये, डेट्रॉइट परिसरातील मतदारसंघात, बराचसा स्वतःचा पैसा खर्चून त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली. तो पक्षाचा बालेकिल्ला असल्याने खरी लढत तिथेच संपली होती. निवडून आल्यावरही व्हिप मोडल्याबद्दल सदस्यत्व जात नाही. आपल्या १९८५ च्या पक्षांतरबंदीसारखा कायदा तिथे नाही. म्हणून दबावगटांना पक्षनेत्यांइतकेच एकेका सदस्याला गाठणे महत्त्वाचे वाटते.

याचा सर्वांत परिणामकारक नमुना म्हणजे १८९३ मध्ये ओहायोत सुरू झालेली अँटी-सलून लीग (सलून म्हणजे तिथले दारूचे गुत्ते). दारूबंदी हा एकच विषय तिने धरला. उमेदवार कोणत्या पक्षाचा, एवढेच काय, तो घरी पितो की नाही, हेही ती पाहत नसे; सभागृहात मत कोणाकडे देतो, एवढेच पाही. अटीतटीच्या लढतीत थोडी पण एकगठ्ठा मते या बाजूची त्या बाजूला गेली की निकाल फिरे, आणि हे दोन्ही पक्षांना कळून चुकले होते. प्रोटेस्टंट चर्चच्या जाळ्यातून तिला कार्यकर्ते आणि वर्गणी मिळे. १९१९ मध्ये दारूबंदी आणणारी अठरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. १९३३ मध्ये ती रद्दही झाली. दबावगटाचे बळ केवळ पैशात असते, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही. विषयाला चिकटून राहणारा मतदार हे त्याचे खरे भांडवल.

ज्यांच्या हाती मतही नव्हते, त्यांनी न्यायालयाची वाट धरली. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले जात असताना, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेने खटल्यांमागून खटले लढवले. थरगुड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांच्या युक्तिवादानंतर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. अमेरिकी दबावगटांच्या इतिहासातील हे सर्वांत उजळ पान होय.

गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीने दिलेला असल्याने लॉबिंग, म्हणजे लोकप्रतिनिधींना गाठून आपल्या बाजूला वळवणे, कायदेशीर आहे. व्यावसायिक लॉबिस्टांना १९९५ च्या कायद्यानुसार नोंदणी करून अशील आणि मोबदला जाहीर करावा लागतो. निवडणूक खर्चावरील बंधने मात्र सैल झाली आहेत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्या आणि कामगार संघटनांना स्वतंत्र प्रचारावर अमर्याद खर्चाची मुभा दिली. त्यातून सुपर पॅक, म्हणजे कितीही देणग्या घेऊन स्वतंत्र प्रचार करणारे निधीगट, उभे राहिले. उमेदवाराला थेट देणगी द्यायची नाही आणि त्याच्याशी संगनमत करायचे नाही, एवढीच त्यांच्यावरची मुख्य अट. सुपर पॅकला देणगीदारांची नावे जाहीर करावी लागतात. पण ती देणगी एखाद्या ना-नफा संस्थेमार्फत आली, तर मूळ दात्याचे नाव मतदारांपर्यंत अनेकदा पोहोचतच नाही.